प्रायमरीआधीचे पोल: १९७२ पासून कुणाचे खरे ठरले, कुणाचे फसले?

आकडेमोड:

२०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचे पोल आत्तापासून फिरायला लागले आहेत. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक तक्ता टाकतं, खाली बाकीचे भांडतात आणि शेवटी एक शहाणा येऊन सांगतो की इतक्या आधीच्या पोलला काडीचा अर्थ नसतो. मला ते पटत नाही. 'पोलमध्ये पुढे तोच उमेदवार' हेही पटत नाही. म्हणून जुन्या निवडणुका काढून बसलो.

सुरुवात १९७२ पासून, कारण त्याआधी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान, जवळजवळ शोभेच्याच होत्या. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात जो राडा झाला त्यानंतर पक्षाने नियम बदलायला आयोग नेमला. त्याचे पहिले अध्यक्ष सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. नव्या नियमांखाली पहिली उमेदवारी मिळाली कुणाला? मॅकगव्हर्न यांनाच. घ्या!

१९७२ च्या सुरुवातीला जो तो एडमंड मस्कींचं नाव घेत होता. मेन राज्याचे सिनेटर, चार वर्षांपूर्वी उपाध्यक्षपदासाठी लढलेले, चेहरा घरोघरी माहीत. मॅकगव्हर्न एक आकडी टक्क्यांत. सगळ्यांत आधी प्रायमरी घेणारं न्यू हॅम्पशायर मस्कींनी जिंकलंसुद्धा, ४६ विरुद्ध ३७. पण शेजारच्या राज्यातला माणूस पन्नाशी गाठत नाही म्हटल्यावर पेपरवाल्यांनी जिंकलेल्यालाच हरलेला ठरवलं. मँचेस्टरला एका वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर भर बर्फात बोलताना ते रडले की गालावर बर्फ वितळला, हा वाद अजून मिटलेला नाही.

१९७६ ला तेच, जरा जास्तच. १९७५ च्या पोलमध्ये वर नावं कुणाची? जॉर्ज वॉलेस, हम्फ्री, टेड केनेडी. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना यादीत शोधावं लागे. त्याहीआधी होणाऱ्या आयोवाच्या कॉकसमध्ये (प्रायमरीऐवजी पक्षाच्या सभा भरवून घेतलेला कौल) पहिला नंबर लागला 'अजून कुणाचंच ठरवलेलं नाही' म्हणणाऱ्यांचा, ३७ टक्के. कार्टर २८ च्या आसपास. तरी दुसऱ्या दिवशी विजेते म्हणून गाजले कार्टरच.

आणि १९७९ चा किस्सा तर पोलवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा. पदावर असलेल्या कार्टर यांच्या पुढे टेड केनेडी जवळपास दुप्पट मतांनी होते. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीवर कब्जा झाला. त्याच रात्री सीबीएसवर केनेडींची मुलाखत लागली. 'तुम्हाला अध्यक्ष का व्हायचंय?' या सरळ प्रश्नावर ते चाचपडले. ओलिसांच्या संकटात देश अध्यक्षामागे उभा राहिला आणि आयोवात कार्टर ५९, केनेडी ३१.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, पोल कचऱ्यात टाका. थांबा. त्याच काळात दुसऱ्या पक्षात, रिपब्लिकनांत, काय चाललं होतं ते बघा. १९८० ला रेगन आधीपासून पुढे, उमेदवार रेगन. १९८८ ला थोरले बुश पुढे, उमेदवार बुश. १९९६ ला बॉब डोल, २००० ला धाकटे बुश. चारही वेळा मधे ठेच लागली. रेगन आयोवात बुशकडून हरले. बुश १९८८ ला त्याच आयोवात डोल आणि पॅट रॉबर्टसन यांच्या मागे तिसरे आले. डोल न्यू हॅम्पशायरला ब्युकॅननकडून हरले, धाकट्या बुशना मॅकेननी तिथेच मोठ्या फरकाने आपटलं. पण शेवटी वर्षभर आधी पोलने ज्याचं नाव घेतलं होतं तोच उमेदवार.

तर माझं म्हणणं असं: आधीचा पोल मुख्यतः उमेदवार किती माहीत आहे ते मोजतो. त्यामुळे पहिला कोण यापेक्षा मी दोन गोष्टी बघतो. सगळ्यांना माहीत असूनही पहिल्याला किती टक्के मिळतायत, आणि फारसा माहीत नसूनही दुसऱ्या-तिसऱ्याला किती. २००४ पासूनचं पुढे प्रतिसादांत लिहितो, हात दुखले.

शंकासुर:

वाचतोय. पण रिपब्लिकन पोल खरे आणि डेमोक्रॅटिक खोटे असं कसं? पोल घेणाऱ्या कंपन्या तर त्याच.

पेठी खवचट:

आपल्याकडे हे बरं आहे. तिकीट वरून येतं, त्यामुळे पोलची भानगडच नाही.

न्यू जर्सीकर:

@शंकासुर, कंपन्या त्याच, पक्ष वेगळे. रिपब्लिकनांत बराच काळ 'पुढचा नंबर कुणाचा' हे ठरलेलं असायचं. रेगन १९७६ ला फोर्डकडून थोडक्यात हरले, मग १९८० त्यांचं. बुश १९८० ला दुसरे, मग १९८८ त्यांचं. डोल १९८८ ला दुसरे, १९९६ त्यांचं. मॅकेन २००० ला दुसरे, २००८ त्यांचं. रॉमनी २००८ ला हरले, २०१२ त्यांचं. रांग मोडली फक्त धाकट्या बुशनी, आणि तेही वडिलांच्या नावावर पुढे गेले. डेमोक्रॅटांत रांगेला कुणी विचारत नाही.

आकडेमोड:

न्यू जर्सीकर, रांगेबद्दल सहमत. दुसरं कारण नियमांत आहे. उमेदवार निवडायला अधिवेशनात मत देणारे राज्याचे प्रतिनिधी डेमोक्रॅट मतांच्या प्रमाणात वाटतात आणि १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर काही मिळत नाही. रिपब्लिकनांत अनेक राज्यांत पहिल्या नंबराला घबाड मिळतं. २०१६ ला साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं पडली, म्हणजे दर तीनातले दोन मतदार त्यांच्या विरोधात. पण राज्याचे ५० च्या ५० प्रतिनिधी त्यांचे. जो पोलमध्ये थोडासा पुढे आहे त्याला असे नियम फार पुढे नेतात. डेमोक्रॅटांत मागून येणाऱ्याला जीव धरून राहता येतं.

आता २००४. अल गोर यांनी डिसेंबर २००२ मध्ये माघार घेतली आणि पोलमध्ये वर आले जो लीबरमन. का? तर २००० ला ते गोरबरोबर तिकिटावर होते, नाव पाठ होतं. सप्टेंबर २००३ मध्ये जनरल वेस्ली क्लार्क उतरले आणि उतरल्या उतरल्या पहिले. मग हॉवर्ड डीन. इंटरनेटवरून पैसा, तरुण पोरं, डिसेंबरात तर गोर यांचाही पाठिंबा. जॉन केरी तेव्हा राष्ट्रीय पोलमध्ये एक आकडी आणि प्रचारासाठी बॉस्टनचं घर गहाण. १९ जानेवारी २००४ ला आयोवा: केरी ३८, एडवर्ड्स ३२, डीन १८. वर्षभरात तीन वेगवेगळे पुढे आणि उमेदवार चौथाच.

वऱ्हाडी ठेचा:

काय राजेहो, मृगाचा पहिला ढग पाहून पेरनी करनारे आन् वर्षभर आधीचा पोल पाहून पैसे लावनारे सारखेच. केरीनं घर गहान ठेवलं त्याचं तरी फळ भेटलं.

मक्याचं कणीस:

मी आयोवात, डी मॉइनजवळ राहते, त्यामुळे या विषयावर दोन पैसे टाकणारच.

राष्ट्रीय पोल आणि आयोवाचा पोल यांची तुलना करताना लोक विसरतात की राष्ट्रीय प्रायमरी नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. एक राज्य, मग दुसरं, मग तिसरं. पहिल्याचा निकाल लागला की बाकीच्या देशाचं मत बदलतं. २००७ च्या ऑक्टोबरात हिलरी क्लिंटन राष्ट्रीय पोलमध्ये पन्नाशीला टेकल्या होत्या, ओबामा विशीच्या आसपास. पण आयोवात वेगळंच चाललं होतं, इथे तिघांची चुरस होती. मतदानाच्या दोनतीन दिवस आधी 'डी मॉइन रजिस्टर'चा पोल आला, ॲन सेल्झर यांचा: ओबामा ३२, क्लिंटन २५, एडवर्ड्स २४. बाकीच्यांनी नाकं मुरडली, कारण त्या पोलमध्ये पहिल्यांदाच कॉकसला येणारे लोक निम्म्याहून जास्त होते. "एवढे नवीन लोक थंडीत घराबाहेर पडतात का?" पडले. डेमोक्रॅटिक कॉकसला दोन लाखांहून खूप जास्त माणसं आली. ओबामा ३८, एडवर्ड्स ३०, क्लिंटन २९.

ज्यांनी कॉकस बघितलेला नाही त्यांच्यासाठी: तेव्हा डेमोक्रॅटांच्या कॉकसमध्ये गुप्त मतदान नव्हतं. शाळेच्या जिममध्ये आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ज्याच्या कोपऱ्यात ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी लोक, त्यांना शेजारीपाजारी हाक मारून आपल्याकडे ओढतात. म्हणजे फोनवर पोलवाल्याला सांगितलेलं पहिलं नाव शेवटपर्यंत टिकेलच असं नाही. दुसरी पसंती विचारणारा पोल इथे जास्त कामाचा.

आकडेमोड:

कणीस ताई, जबरदस्त. हे मूळ धाग्यात हवं होतं.

शंकासुर:

मग आकडेमोड यांची थिअरी २००८ ला आपटली की. क्लिंटनना कोण ओळखत नव्हतं? सगळ्यांना माहीत, पन्नास टक्के पाठिंबा, तरी हरल्या.

आकडेमोड:

आपटली नाही, वाकली. तुम्ही पहिल्याचाच आकडा बघताय. दुसऱ्याचा बघा. ओबामा २००४ च्या अधिवेशनातल्या भाषणामुळे गाजले, सिनेटमध्ये २००५ पासून, आणि २००७ मध्ये दर पाचातला एक डेमोक्रॅट त्यांचं नाव घेत होता. इतक्या नवख्या माणसाला वीस टक्के म्हणजे खूप. शिवाय कृष्णवर्णीय मतदार तोवर मोठ्या संख्येने क्लिंटनच्या बाजूला होते. गोरे लोक या माणसाला मत देतील का, याचीच त्यांना शंका. आयोवासारख्या जवळजवळ सगळ्या गोऱ्या राज्यानं ती शंका फेडली आणि साउथ कॅरोलायनात ५५ विरुद्ध २७ असा निकाल लागला. हे हलू शकणारं मत पोलच्या पोटात होतं, ते वरच्या आकड्यात दिसत नव्हतं.

आणि शेवटी क्लिंटन हरल्या त्या किती थोडक्यात, तेही लक्षात घ्या. जूनपर्यंत लढत चालली. पन्नास टक्क्यांचा पाठिंबा 'काहीच नाही' असता तर ती फेब्रुवारीतच संपायला हवी होती.

पेठी खवचट:

"आपटली नाही, वाकली." हे वाक्य प्रत्येक पोलवाल्यानं निकालाच्या दुसऱ्या दिवसासाठी छापून ठेवायला हरकत नाही.

तिसरी घंटा:

२००८ च्याच न्यू हॅम्पशायरचं कुणी बोलत नाहीये. आयोवानंतर पाच दिवसांनी मतदान. सगळे पोल सांगत होते ओबामा सात-आठ टक्क्यांनी पुढे. जिंकल्या क्लिंटन, ३९ विरुद्ध साडेछत्तीस. म्हणजे वर्षभर आधीचं जाऊ द्या, आदल्या दिवशीचा पोलही फसतो. तो गोंधळ इतका मोठा होता की पोलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने चौकशी समिती बसवली होती. २०१६ ला मिशिगनमध्ये तर क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत होते आणि सँडर्स जिंकले.

न्यू जर्सीकर:

प्रायमरीत असं होणारच. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांतला फरक मोठा असतो, माणूस सहसा कुंपण ओलांडत नाही. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, धोरणं थोडीफार सारखी. मतदार शेवटच्या आठवड्यातही सहज बदलतो. त्यातून न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षात नोंद नसलेले मतदार हवी ती प्रायमरी निवडतात. २००० ला हेच लोक मॅकेनकडे वळले होते. ते ऐन वेळी कुठल्या रांगेत उभे राहतील हे कुठला पोल सांगणार?

मक्याचं कणीस:

आणि नमुना किती छोटा असतो! राष्ट्रीय पोलला हजार माणसं घेतली, त्यातली डेमोक्रॅटिक प्रायमरीला जाऊ म्हणणारी चारेकशे. चारशेच्या नमुन्याला पाच टक्के इकडे तिकडे होणारच. आणि २०१९ मध्ये याच आकड्यांवर वादफेरीत, म्हणजे उमेदवारांच्या टीव्हीवरच्या जाहीर चर्चेत, कोण येणार ते ठरत होतं. जूनच्या फेरीला १ टक्का, सप्टेंबरच्या फेरीला २ टक्के. एक आणि दोन यांत फरक आहे असं चारशे माणसांच्या भरवशावर कोण म्हणेल? २०१५ ला फॉक्सनं राष्ट्रीय पोलमधले पहिले दहा मुख्य मंचावर घेतले होते, बॉबी जिंदाल वगैरे मंडळींना संध्याकाळी आधीच्या फेरीत बसवलं. तिथून वर यायची संधी फारशी उरत नाही. पोल नुसता ताप मोजत नव्हता, औषधही ठरवत होता.

अवांतर: २०२० च्या कॉकसआधीचा 'रजिस्टर'चा शेवटचा पोल ऐन वेळी रद्द झाला. एका फोनवर यादी वाचताना बुटिजेज यांचं नाव सुटलं होतं अशी तक्रार आली. नंतर कॉकसच्या रात्री निकाल कळवायचं ॲप बिघडलं. त्या आठवड्यात बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन मी उचलत नव्हते.

शंकासुर:

😂 पण पोल निकाल घडवतात हे जरा ताणलेलं नाही वाटत?

तिसरी घंटा:

अजिबात नाही. १९९१ बघा. आखाती युद्धानंतर थोरल्या बुशची लोकप्रियता गॅलपमध्ये ८९ टक्के. डेमोक्रॅटांतली मोठी नावं एकेक करून घरी बसली. गोर नाही, गेपहार्ट नाही. मारिओ कुओमो पोलमध्ये पुढे होते, त्यांनी महिनोन्‌महिने घोळ घातला. २० डिसेंबर १९९१ ला न्यू हॅम्पशायरला अर्ज भरायची शेवटची तारीख, ऑल्बनीच्या विमानतळावर विमान तयार, आणि त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मैदान मोकळं झालं आणि आर्कान्साचा एक गव्हर्नर पुढे सरकला. न्यू हॅम्पशायरला तो दुसरा आला आणि त्यातही जिंकल्यासारखा नाचला. वर्षभर आधीच्या पोलने बिल क्लिंटन यांचं भाकीत केलं नाही, पण त्यांच्या वाटेतली माणसं मात्र बाजूला केली.

आकडेमोड:

तिसरी घंटा, अगदी हेच. आणि कुओमोंवरून एक नमुना दिसतो, तो मला या सगळ्यात सर्वांत मजेशीर वाटतो: जो अजून उतरलेला नाही त्याचा पोल नेहमी फुगलेला असतो. केनेडी १९७९ ला नोव्हेंबरपर्यंत घोषणा न करता दुप्पट पुढे होते. कॉलिन पॉवेल १९९५ ला लोकांच्या गळ्यातले ताईत, नोव्हेंबरात त्यांनी नकार दिला. क्लार्क यांचा सर्वांत चांगला आठवडा म्हणजे घोषणेचा आठवडा. २००७ ला फ्रेड थॉम्पसन. टीव्हीवर ओळखीचा चेहरा, उन्हाळाभर 'येणार येणार', सप्टेंबरात आले आणि तिथूनच उतरण. २०११ ला रिक पेरी ऑगस्टमध्ये आले, आले तेच पहिल्या नंबरवर. वादफेऱ्या सुरू झाल्या आणि नोव्हेंबरात आपण बंद करणार असलेल्या तीन खात्यांपैकी तिसरं कोणतं हेच त्यांना मंचावर आठवेना. फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस यांचंही तसंच: नोव्हेंबर २०२२ ला फ्लोरिडा १९ टक्क्यांनी जिंकलं तेव्हा काही पोलमध्ये ते ट्रम्प यांच्याही पुढे होते. मे २०२३ मध्ये रीतसर उतरेपर्यंत आघाडी गेलेली होती.

बाहेर उभ्या असलेल्या माणसात प्रत्येक जण आपल्याला हवं ते बघतो. आत आला की त्याला एका बाजूला उभं राहावं लागतं.

वऱ्हाडी ठेचा:

हे मातर पटलं भाऊ. आमच्याकडे बी जो आमदार 'मी उभा नाही' म्हनते त्याचीच हवा जास्त.

न्यू जर्सीकर:

जुलियानींना विसरू नका. २००७ चं जवळजवळ अख्खं वर्ष रिपब्लिकन पोलमध्ये पहिले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावेळचे न्यूयॉर्कचे महापौर, सगळ्या देशाला पाठ. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये जमत नाही म्हणून सगळा डाव फ्लोरिडावर लावला. तोवर बाकीचे टीव्हीवर झळकत होते आणि हे बातम्यांतून गायब. फ्लोरिडात तिसरे, दुसऱ्या दिवशी माघार. एकही प्रतिनिधी नाही. आणि उमेदवारी कुणाला? मॅकेन यांना, ज्यांच्या प्रचाराचा पैसा त्याच उन्हाळ्यात संपला होता आणि निम्मी माणसं सोडून गेली होती.

पण मॅकेनही अनोळखी नव्हते, २००० मुळे नाव माहीत होतं. तेव्हा आकडेमोड यांची थिअरी इथे बऱ्यापैकी चालते.

शंकासुर:

२०१२ चं काय? त्यात तर दर महिन्याला नवा पहिला होता.

आकडेमोड:

२०१२ मला आवडतं. बाकमन, पेरी, हर्मन केन, गिंग्रिच, सँटोरम, एकेक जण वर गेला आणि पडला. रॉमनी सगळा वेळ वीस-पंचवीस टक्क्यांत ढिम्म. लोक म्हणत, पक्षाला हा नकोय म्हणून वर जात नाही. खरं होतं. पण खालीही जात नव्हते. आयोवात आधी रॉमनी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं, मग मोजून बघितल्यावर सँटोरम ३४ मतांनी. त्यानं फार फरक पडला नाही, पैसा आणि संघटना रॉमनींकडे होती.

२०१५ ला पंडितांनी हाच धडा ट्रम्प यांना लावला आणि तोंडघशी पडले. जूनमध्ये उतरले, जुलैत पहिले. सगळे म्हणाले, हा या वेळचा हर्मन केन, हिवाळ्यापर्यंत उतरेल. जेब बुश यांच्या मदतीला दहा कोटी डॉलरहून जास्त निधी जमलेला, पक्षातले मोठे लोक मागे. पण केन, पेरी हे पाच-सहा आठवड्यांचे पाहुणे होते. ट्रम्प नोव्हेंबरात कार्सन यांनी थोडा वेळ गाठलं तेवढं सोडून महिनोन्‌महिने वर टिकले. उंचीपेक्षा टिकणं महत्त्वाचं, हे मी तरी त्या वर्षापासून धरलं.

मक्याचं कणीस:

टिकण्याचं म्हणत असाल तर २०२० चे बायडन. २०१९ भर पुढे. कमला हॅरिस जूनच्या वादफेरीनंतर उसळल्या, ऑक्टोबरात वॉरन यांनी गाठलं, तरी बायडन पंचवीस-तिशीत घट्ट. मग आमच्याकडे चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. टीव्हीवर श्रद्धांजली वाहून झाली होती. साउथ कॅरोलायनात तिथले वजनदार खासदार क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला आणि ४८ टक्क्यांच्या वर मतं. बायडन यांनी त्याआधी १९८८ आणि २००८ ला प्रयत्न केला होता. आयुष्यात पहिल्यांदा एखादी प्रायमरी जिंकले ती ही.

म्हणजे वर्षभर आधीचा कंटाळवाणा पोल बरोबर आणि फेब्रुवारीतला सगळा थरार चूक. आमच्या राज्याचा पहिला मान डेमोक्रॅटांनी त्यानंतर काढून घेतला, २०२४ ला साउथ कॅरोलायनाला दिला. जखमेवर मीठ.

बेळगावी कुंदा:

एवढ्या धाग्यात आपला माणूस कसा आला नाही? अध्यक्षीय नाही, पण प्रायमरीचा पोल म्हणून याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढले आमच्या बेळगावात. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. राजकारणात कुणाला माहीत नाहीत. स्वतःच्या खिशातून टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला, आणि काही सुरुवातीच्या पोलमध्ये चक्क ग्रेचेन व्हिटमर यांच्या पुढे! कारण बाकीच्यांच्या जाहिराती अजून सुरूच झाल्या नव्हत्या. ऑगस्टमध्ये निकाल: व्हिटमर ५२, अब्दुल एल-सय्यद ३०, ठाणेदार १८.

आकडेमोड:

कुंदा, दंडवत. ओळख विकत घेता येते आणि ती पोलमध्ये दिसते, पण समोरच्याचा आवाज सुरू होईपर्यंतच, याचा हा अगदी स्वच्छ पुरावा.

बेळगावी कुंदा:

पुढे २०२२ ला डेट्रॉईटमधून अमेरिकेच्या संसदेवर (काँग्रेसवर) निवडून आले, तीस टक्क्यांच्या आतली मतं घेऊन प्रायमरी जिंकली. उमेदवारांची गर्दी असली की तेवढी पुरतात. म्हणून ओळखीवर केलेला खर्च वाया गेला असं म्हणू नका.

शंकासुर:

२०२४ राहिलं. ट्रम्प.

न्यू जर्सीकर:

त्यात सांगण्यासारखं कमी आहे. माजी अध्यक्ष, शंभर टक्के ओळख. मार्च २०२३ अखेर न्यूयॉर्कमध्ये खटला दाखल झाल्यावर आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला, वर्षाअखेर साठीच्या पुढे. डिसँटिस आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या फिरले. निकाल ५१, २१. हेली १९, रामस्वामी आठाच्या आत. सगळ्यांना माहीत आणि निम्म्याहून जास्त पाठिंबा असेल तर बाकीच्यांनी पेट्रोल वाचवावं.

वऱ्हाडी ठेचा:

मंग आता २०२८ चं नाव सांगा न एक. एवढा मोठा धागा वाचला बा.

आकडेमोड:

ठेचा, रिपब्लिकन बाजूला उपाध्यक्ष व्हॅन्स पोलमध्ये पुढे आहेत, आणि तो पोल मी गंभीरपणे घेतो. १९६० पासून पदावर असताना ज्या उपाध्यक्षाने उमेदवारी मागितली त्याला ती मिळाली आहे: निक्सन, हम्फ्री, थोरले बुश, गोर, हॅरिस. धोका एकच, आघाडीतला काही भाग त्यांच्या साहेबांचा, म्हणजे ट्रम्प यांचा, उसना आहे. तो साहेबांनी दुसऱ्याच्या खात्यात वळवला तर आकडा कोसळेल.

डेमोक्रॅटांत न्यूसम, हॅरिस, बुटिजेज ही नावं वर दिसतात. तिघांनाही लोक ओळखतात आणि तरी कुणीही निम्म्याच्या जवळपास नाही. २००३ आणि १९७५ ची आठवण येते. तिथे मी वरची तीन नावं बघणार नाही. ज्याला निम्मे डेमोक्रॅट ओळखतही नाहीत आणि तरी आठ-दहा टक्के मिळतायत, असा कुणी गव्हर्नर दिसला की इथे लिंक टाका.

पेठी खवचट:

आणि तो गव्हर्नर 'मी उभा नाही' म्हणत असेल तर टाकू नका. वर ठेचासाहेबांनी सांगितलंय.